आईला कोणत्या बंदरातून रवाना करावे

डिंडोली, सुरत
मार्गशीर्षातला गुरुवार

तीर्थस्वरूप भिकनमामांच्या चरणी योगेंद्रचा वाकून नमस्कार. ('वाकून' हा शब्द शोभेचा नाही. हजिऱ्याच्या बोटीवर कठडा धरून जो वाकलो, तो अजून पुरता सरळ झालेलो नाही. तपशील पुढे येईलच.) आपली प्रकृती कशी आहे? गुडघा, रक्तदाब आणि डोंबिवलीतल्या दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका, या तिन्हींचा त्रास सध्या आटोक्यात असेल अशी आशा करतो. सुलभामामींना नमस्कार. इकडे सर्व क्षेम. आपली सूनबाई सोनाली बरी आहे, मी बरा होत आहे, आणि आई इतकी बरी आहे की तिच्या बरेपणामुळेच हे पत्र लिहावं लागतंय.

फोन सोडून पत्र का, असं आपल्या मनात येईल. आपल्या मृणालच्या लग्नात जे झालं त्यानंतर आईने मला आपल्याला फोन करायची सक्त मनाई केली आहे. मी ती मनाई शब्दशः पाळतो, आणि तिच्या शब्दांत टपालाचा उल्लेख नाही. पत्रातल्या चुका आपण मुख्याध्यापकाच्या सवयीने लाल शाईने सुधारालच. मी पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये डिस्पॅच बघतो. रंगवलेल्या कापडाची पार्सलं ट्रकमध्ये चढवून देशभर रवाना करायची हे माझं काम, आणि माझं बरंचसं लेखन पार्सलाच्या पाठीवर झालेलं असल्यामुळे शैलीला थोडा गोणपाटाचा वास येईल. सांभाळून घ्यावं.

मुद्दा असा की आईला क्रूझवर जायचं आहे.

हे वाक्य वाचून आपण चष्मा पुसला असेल तर पुन्हा लावा. मी बरोबर लिहिलं आहे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या भानुबेन त्यांच्या भजनमंडळाबरोबर क्रूझवर जाऊन आल्या. क्रूझ म्हणजे माणसांना समुद्रात दोन-चार दिवस हिंडवून परत आणणारं भलंमोठं जहाज. भानुबेननी जिन्यात उभं राहून गरमागरम थेपले, डेकवरचा गरबा, खोलीतला न गळणारा नळ असं सगळं सांगितलं, आणि आई आपली शेंगा सोलत 'हं, हं' करत ऐकत होती. पण जाता जाता भानुबेन म्हणाल्या की एक वेळ अशी येते की चारी बाजूंना नुसतं पाणी, किनारा कुठेच नाही. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं, हे आपल्या कानावर आलं असेल. (आलं नसेल तर आता आलं.) पट्टी काढल्यावर डॉक्टर म्हणाले होते, "बा, हवे दूरनुं जोजो." म्हणजे आता लांबचं बघत जा. घरी येऊन आई खिडकीशी उभी राहिली. आमच्या खिडकीतून समोरच्या सोसायटीची भिंत दिसते, हात लांबवला तर लागेल इतक्यावर. आयुष्यभर तिने घरी बसून साड्यांना टिकल्या लावल्या, नजर कायम मांडीवरच्या पदरावर. त्या संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "योग्या, माले एकदा लांब पाहनं शे. भिंत ना किनारा, काहीच मधी नको. बोटीचं बघ." मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, बघू नको, बघ.

मामा, माल आणि मुक्काम ठरले की डिस्पॅचवाल्यापुढे एकच प्रश्न उरतो: गाडी कुठून सोडायची. मी दुसऱ्याच दिवशी वहीत... नाही, वही नव्हती, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर बंदरांची नावं लिहिली आणि उधन्याला निंबाकडे गेलो. निंबा आपल्याच अमळनेरकडचा, पूर्वी आमच्या मिलमध्ये होता, आता तीर्थयात्रांच्या बसेस काढतो आणि मागितलं तर जहाजाचंही तिकीट काढून देतो. (जहाज त्याने स्वतः पाहिलेलं नाही. पण काशीही त्याने पाहिलेली नाही, तरी दर वर्षी लोक त्याच्या भरवशावर जाऊन येतात.) त्याने मुंबई, गोवा, कोची, चेन्नई अशी नावं सांगितली. आई बरोबर होती. तिचा पहिला प्रश्न : "सुरतहून का निघत नाही? तापी एवढी आपल्या गावावरून चालत सुरतेपर्यंत येते, समुद्राला मिळते, मग जहाजाला इथे यायला काय होतं?" निंबा म्हणाला, सुरतेहून हजिऱ्याची बोट आहे, खाडी ओलांडून सौराष्ट्रात घोघ्याला सोडते, पण ती क्रूझ नव्हे. आई म्हणाली, पाण्यावर चालते ना? मग आधी तीच बघू.

तर हजिरा. या बंदराचा गुण असा की घरचा डबा गरम असतानाच बोटीत बसता येतं. सामान, स्टेशन, हमाल, कसली भानगड नाही. दोष मी प्रत्यक्ष भोगले. बोटीच्या पोटात मालाचे ट्रक आणि वर माणसं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही मला कामावर आल्यासारखं वाटत होतं. एका ट्रकची ताडपत्री चुकीची बांधलेली दिसली आणि मी ती सोडून बांधायला गेलो म्हणून ड्रायव्हरचं माझ्याशी वाजलं. भांडणाच्या मध्यावर बोट किनाऱ्यापासून सुटली आणि हलू लागली. मग मला भांडणात रस राहिला नाही. मी कठड्याशी गेलो, वाकलो आणि बराच वेळ तिथेच होतो. माझ्या एका बाजूला नवं लग्न झालेलं जोडपं वाकलेलं, दुसऱ्या बाजूला एक विमा एजंट. आई आमच्या मागे खुर्चीत बसून भाकरी आणि लसणाची चटणी खात होती. खाऊन झाल्यावर तिने पिशवीतून लिंबाचं लोणचं काढलं आणि कठड्यावरच्या प्रत्येकाला बोटभर चाटवलं. विमा एजंटशी ती गुजरातीत बोलली, नव्या नवरीशी हिंदीत. आणि माझ्याशी भांडलेला ट्रक ड्रायव्हर पारोळ्याचा निघाला तेव्हा त्याच्याशी अहिराणीत अशी बोलायला लागली की तो तिला मावशी म्हणू लागला आणि मला, नाइलाजाने, भाऊ. (भाषेच्या बाबतीत मी इथे कुठलंही मत देत नाही. फक्त झालं ते सांगतो.)

पण हजिरा नापास झाला. मागचा किनारा दिसेनासा होतो न होतो तोच पुढे घोघा दिसायला लागला. आई उठून कठड्याशी आली, डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाली, "हे तर पाण्यावरची एस.टी. झाली. लगेच स्टँड आला." परतीच्या फेरीत मी आडवा होतो, त्यामुळे त्या बाजूचं निरीक्षण नाही.

मग गोवा. सोनालीचा भाऊ पराग तिकडे हॉटेलात कामाला आहे, तो म्हणाला वास्कोजवळच्या बंदरातून चढा, गर्दी कमी, राहायला माझी खोली आहे. गुण मोठा होता. मीही खूश होतो. पण नकाशा उघडून बघितला तर निंबा जे जहाज सांगत होता ते गोव्याहून निघून जातं कुठे, तर मुंबईला! म्हणजे रेल्वेने मुंबईवरून गोव्याला जायचं आणि पाण्याने गोव्यावरून मुंबईला यायचं. आमच्या मिलमध्ये एखाद्याने असा माल पाठवला असता तर त्याला शेठने गेटबाहेर काढलं असतं. आईलाही ते पटलं नाही, पण तिचं कारण वेगळं होतं. ती म्हणाली, शेवटी मुंबईलाच उतरायचं ना? मग मुद्दा तोच राहिला. (कोणता मुद्दा, ते आपल्याला ठाऊक आहे. मी त्याकडे येतो आहे. रस्ता जरा वळणाचा आहे.)

कोचीबद्दल निंबाने फार चांगलं सांगितलं, तिथून बेटांकडे जाणारी जहाजं असतात म्हणे, निळंशार पाणी, आणि किनारा खरोखरच मागे पडतो. पण सुरतेहून कोची म्हणजे रेल्वेतच सगळी हौस फिटणार. आईचे गुडघे बर्थवरून चढउतार करून कोचीला पोहोचेपर्यंत जहाजाऐवजी दवाखाना शोधावा लागायचा. शिवाय तिकडे मराठी चालत नाही, गुजराती चालत नाही, हिंदीही बेताचीच. हा मी दोष म्हणून सांगितला. आईने तो गुण म्हणून धरला. "बरंच आहे," ती म्हणाली, "कसं बोलायचं ते तिथे कोणी मला शिकवणार नाही." मी आणि सोनाली ताटात बघत जेवत राहिलो.

चेन्नईचं जहाज श्रीलंकेला जातं असं निंबा म्हणाला, म्हणजे पासपोर्ट आला. कागद काढले तर आईचं नाव आधार कार्डावर 'मंगलाबेन', रेशन कार्डावर 'मंगळाबेन' आणि बँकेत 'मंगलाबाई'. तीन बायकांचा पासपोर्ट एका बाईला कसा काढायचा ते निंबालाही सांगता येईना. (मामा, रागावू नका. 'बेन' आम्ही लावलेलं नाही. इथे खिडकीतल्या माणसाला नाव सांगितलं की त्याच्या हातून ते आपोआप लागतं.) चेन्नई तिथेच बुडाली.

राहिली मुंबई. या बंदराचे गुण मी स्वतः जाऊन तपासले, कारण मोठा माल सोडण्याआधी एक रिकामी फेरी करून बघायची हा माझा नियम आहे. एका रविवारी पहाटेच्या गाडीने मी आणि सोनाली निघालो. आईची मोठी पेटी बरोबर घेतली, तिच्यात अंदाजाने वजन भरायला मिलमधले कापडाचे निकामी तुकडे कोंबले, आणि वर आमच्या पद्धतीप्रमाणे मार्करने तिचं नाव आणि माझा नंबर लिहिला. क्रूझ जिथून सुटते त्या बॅलार्ड पियरच्या धक्क्यावर टॅक्सी थेट दारात जाते. उतरल्याबरोबर सावली आहे, पायऱ्या नाहीत, उतार आहे, पाणी आहे, स्वच्छतागृह आहे. त्या दिवशी जहाज लागलेलं होतं. मामा, इमारत आडवी घातल्यासारखं जहाज! मी नुसता बघत उभा राहिलो.

तिथे एक चाकांची खुर्ची दिसली. आईला ती पुरेल का, पाठ टेकते का, हे बसल्याशिवाय कळणार नव्हतं, म्हणून मी बसलो. बसताक्षणी मागून एका गणवेशातल्या मुलीने अत्यंत मायेने "काळजी करू नका काका" म्हणत मला ढकलायला सुरुवात केली. मी काही बोलायच्या आत आम्ही ज्येष्ठ नागरिकांच्या रांगेतून तिकीट तपासणीपर्यंत पोहोचलो. मी म्हणालो, मी आजारी नाही. ती म्हणाली, सगळे असंच म्हणतात. शेवटी मला उठून, तिच्यासमोर दोन उठाबशा काढून, मी धडधाकट आणि विनातिकीट आहे हे सिद्ध करावं लागलं. सोनाली हे सगळं फोनवर टिपत होती, मदत करत नव्हती. परत येऊन बघतो तर पेटी नाही. शेजारी सुरतेच्या साडीवाल्यांचा एक ग्रुप सामान देत होता. हमालाने सोनालीला विचारलं, "सुरत?" ती म्हणाली, "हो, सुरत." त्याने पेटीला चिठ्ठी बांधली आणि पेटी पट्ट्यावरून आत गेली. चूक हमालाची नाही. सुरत हे उत्तर बरोबरच होतं.

थोडक्यात, आईची पेटी क्रूझला गेली आणि आम्ही लोकांच्या गर्दीतून तिला हात हलवून घरी आलो.

पुढच्या आठवड्यात फोन. त्या ग्रुपचे म्होरके, रिंग रोडवरचे साडीचे व्यापारी बन्सीलाल शेठ, म्हणाले, "भाई, तमारी बॅग अमारी साथे गोवा फरी आवी." ते स्वतः पेटी घेऊन डिंडोलीला आले. कापडाच्या चिंध्या घेऊन मंगलाबेन नावाची बाई जहाजातून बेपत्ता झाली की काय, या काळजीत ते तीन दिवस होते बिचारे. आईने त्यांना शेवभाजी आणि कळण्याची भाकरी जेवायला वाढली. जेवता जेवता तिने एकच विचारलं, किनारा दिसेनासा होतो का? शेठ म्हणाले, "बा, बिलकुल नथी देखातो. भगवान सामे बेठा होय एवुं लागे." म्हणजे देव समोर बसल्यासारखं वाटतं. आई उठून मोरीत हात धुवायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली ती पेटी ओढत माझ्यापुढे घेऊन आली. "पेटी जाऊन आली," म्हणाली. "आता बोल."

मी बोललो. सरळ विचारलं की मुंबईत काय खोट आहे? सकाळच्या गाडीने निघालं तर दुपारच्या जहाजाला सहज पोहोचतो, मुक्कामाचा प्रश्नच येत नाही. तेव्हा ती जे म्हणाली ते मी आपल्याला जसंच्या तसं लिहितो, कारण बंदरांच्या सगळ्या अभ्यासात एवढा एकच दोष माझ्याच्याने दूर होत नाही. ती म्हणाली, "मुंबईत उतरून भिकाच्या घरी गेले नाही तर लोक काय म्हणतील? आणि गेले तर मी काय म्हणू?"

मामा, मृणालच्या लग्नात पंगतीत वाढप्याला ती "बस भाई, थोडुंच आप" म्हणाली, म्हणजे थोडंच दे. तो वाढपी गुजराती होता आणि त्याला ते कळलं. आपण व्याह्यांच्या देखत म्हणालात, "मंगलाक्का, लग्न मराठी माणसाचं आहे, मराठीत बोल." हसून म्हणालात, हे मी ऐकलं. ती ताटावरून उठली हेही मी बघितलं. त्यात कोण किती चुकलं हे तपासायला मी बसलेलो नाही, माझं खातं डिस्पॅचचं आहे. आपली मोठी बहीण आपल्या उंबऱ्याशी येऊन अडली आहे आणि तिला पुढे समुद्रावर जायचं आहे, एवढंच मला दिसतं. मार्ग मोकळा करणं माझं काम, आणि ते मी करणार. आजवर नुसतं कापड पाठवलं, आता माणूस पाठवून दाखवीन.

लिहायला अजून पुष्कळ आहे, पण सोनाली शाई संपेल म्हणते. प्रकृतीला जपा. थंडीत पहाटे फिरायला जाताना कान बांधा. मामींना आणि मृणालला आशीर्वाद नमस्कार ज्याचे त्यास.

आपला आज्ञाधारक (बहुतांशी),
योगेंद्र

ता. क. मुंबईहूनच बुकिंग केलं आहे. संक्रांत झाल्यावर. आईला मी कोची सांगितलं आहे. गाडी मुंबईवरूनच जाते, तिथे उतरेपर्यंत काहीतरी सुचेल.

ता. क. २. खोलीत दोन पलंग आहेत. आई एकटी जाऊ शकत नाही, मला कठडा सोडवणार नाही, आणि सोनालीला रजा नाही. दुसऱ्या पलंगावर मी आपलं नाव घातलं आहे. आधी लिहिलं असतं तर आपण पत्र इथवर वाचलं नसतं. मामींची परवानगी फोनवर घेतली आहे (मनाई फक्त आपल्यापुरती होती). त्या म्हणाल्या, खुशाल घेऊन जा, घरात तेवढे दिवस माझ्या किराण्याच्या यादीवर कोणी लाल शाई चालवणार नाही. आपल्याला फक्त बंदरावर यायचं आहे. आईला यातलं काही माहीत नाही, कृपया कळू देऊ नये.

ता. क. ३. (हे मी, मंगला, लिहिते आहे. योग्या पाकीट आणायला गेला आहे आणि पत्र टेबलावर उघडं पडलं आहे. माझा डोळा आता चांगला आहे.)

भिका, योग्या कोचीची थाप मारतो आहे, ते मला ठाऊक आहे. कोचीला नेताना कोणी बोटीची वेळ दुपारची सांगून सकाळी सुरतेहून निघत नाही. त्याने एवढी बंदरं पाहिली, बोटीवर ओकला, खुर्चीत बसून आला, मी त्याला पाहू दिलं. मला पहिल्या दिवसापासून मुंबईच पाहिजे होती. पण मी कशी म्हणू?

तुझ्या घरी मी येणार नाही, ते कायम आहे. तू माझ्या घरी येत नाहीस, ते पण असू दे. हाई बोट ना तुना घरनी शे, ना मना घरनी. तठे माले जसं वाटी तसं मी बोलसू. तू बी आपली मायसंगे बोले तसाच बोल, तठे तुले कोन्ही सर म्हननार नई.

कान बांधीसन ये.